अकरा मिनिटांचं मोकळं आभाळ

निमखेडीच्या भूचुंबकीय वेधशाळेत नोकरी लागली, की बाईमाणसाला पहिल्यांदा साडीची पिन बदलावी लागे. पोलादी चालत नसे, पितळी हवी. केसांतले आकडे घरी, चष्म्याची दांडी प्लास्टिकची, किल्ल्यांचा जुडगा दाराबाहेर लाकडी खुंटीवर. पृथ्वीचं चुंबकत्व तसं फार अशक्त. वेधगृहात कुणी खिशात साधा नेलकटर घेऊन शिरलं, तरी यंत्र तो नेलकटर पृथ्वीच्या नावावर टाकून मोकळं होतं.

ज्योत्स्ना फालक इथे तीस वर्षं निरीक्षक होती. चोपड्याहून तापीकडे उतरताना केळीच्या बागांमध्ये ही वेधशाळा लागते. खाली दोनशे मीटर निव्वळ गाळ, म्हणून जागा निवडलेली. खडक आला की त्याचं स्वतःचं चुंबकत्व लुडबुड करतं. धनंजय इथेच तंत्रज्ञ होता. लग्नाआधी त्याने जळगावच्या एका तांबटाकडून तिच्यासाठी डझनभर पितळी पिना घडवून आणल्या होत्या. "इतर लोक गुलाब देतात," ती म्हणाली होती. "गुलाबाने साडी टाचता येत नाही," तो म्हणाला होता. तेव्हाच तिने ठरवून टाकलं, की ह्या माणसाशी आयुष्यभर भांडता येईल.

आयुष्यभर म्हणजे सोळा वर्षं. २०३६ साली तो दक्षिण ध्रुवाकडच्या एका संशोधन तळावर यंत्रं सांभाळायला चौदा महिन्यांसाठी गेला आणि तिथल्या हिवाळ्यातच गेला. श्रावणात सूर्याकडून एक प्रचंड चुंबकीय वादळ आलं. तीन दिवस उपग्रह मुके झाले. तळावर जुना लघुलहरींचा रेडिओ तेवढा उरला. वेधशाळेच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये ज्योत्स्नाकडेही तसाच एक सेट होता. दोघांकडे हौशी रेडिओचा परवाना होता. तिसऱ्या दिवशी तो वाऱ्यात बाहेर पडला आणि परतला नाही. दोन दिवसांनी सापडला. अहवालात एकच ओळ होती: 'संदेश पोहोचत नसल्याने अँटेना तपासण्यासाठी बाहेर पडले असावेत.'

त्याच्या सामानाबरोबर रेडिओची वहीही घरी आली. तीन दिवसांत एकवीस वेळा त्याने निमखेडीला हाक मारली होती. प्रत्येक ओळीपुढे त्याच्या तिरप्या अक्षरात 'उत्तर नाही'.

एकवीस हाका आभाळाने गिळल्या, असं ज्योत्स्ना बारा वर्षं धरून चालली होती. तशी ती वाईट समजूत नव्हती. आभाळावर रागावता येतं आणि आभाळाला त्याचं काही वाटत नाही.

*

२०४८च्या मार्चमध्ये डॉ. नसीबा तडवी आली. मूळची यावलची, चौतिशीची, पुण्याच्या एका संस्थेत अवकाश-हवामानावर काम करणारी. आल्या आल्या तिने कानातल्या रिंगा काढून खुंटीवर अडकवल्या. तेवढ्यावरच ज्योत्स्नाला ती आवडली.

त्या दिवशी कोकिळाताईही आली होती. कोकिळाताई म्हणजे धनंजयची थोरली बहीण, एसटीतून निवृत्त झालेली कंडक्टर. नाव कोकिळा असलं तरी आवाज असा, की चोपडा स्टँडवर तिने 'यावल, यावल' म्हटलं की यावलची माणसं घरून निघत.

"कायले आली ही पोरगी?" तिने नसीबासमोरच विचारलं.

"पखरणच्या कामासाठी आलेय, काकू."

पखरण हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी होतं. दोन वर्षांपूर्वी नसीबाच्या गटाने ही प्रणाली तयार केली होती. जगभरातल्या जुन्या नोंदी तिला द्यायच्या – चुंबकीय आलेख, दूरवरून आलेल्या रेडिओलहरींचे चढउतार, फुग्यांनी मोजलेले क्ष-किरण – आणि गेल्या पन्नास वर्षांतल्या कुठल्याही वादळाचं कुठलंही मिनिट मागायचं. त्या मिनिटाला आभाळातून किती विद्युतभारित कण कुठे खाली पडले, ते पखरण सांगे. विमानांचे मार्ग आणि उपग्रहांचे विमे ठरवायला ती बनवली होती. पण लोक भलतंच विचारायला लागले. वादळामुळे आदेश मिळाला नाही म्हणणाऱ्या एका बंदर अधिकाऱ्याची चौकशी नव्याने उघडली. बोटीवरून वाढदिवसाला फोन लागला नाही म्हणणारे दोनचार नवरे घरी पकडले गेले. आभाळाची सबब संपली.

"मले नीट सांग," कोकिळाताई म्हणाली. "हे कण पडतात म्हणजे काय? गारा पडतात तसे?"

नसीबाने कागद ओढला. पृथ्वी काढली आणि तिच्याभोवती उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेल्या कमानी. "ह्या चुंबकीय रेषा. इलेक्ट्रॉन ह्यांच्यात अडकलेले असतात. रेषेभोवती गिरक्या घेत उत्तरेकडे धावतात. टोकाला चुंबकत्व दाट होत जातं, तिथून माघारी फिरतात आणि दक्षिणेकडे. एका सेकंदाच्या आत. महिनोन् महिने हेच चालू."

"चोपडा-यावल शटल."

"अगदी. आता वादळ आलं, की तिथे वरती काही लहरी उठतात. त्या इलेक्ट्रॉनला सारखा धक्का देतात. त्याची दिशा थोडीशी कलते. मग वळायच्या जागी तो वळत नाही, सरळ खाली हवेत घुसतो."

"म्हणजे वळण चुकलं आणि गाडी शेतात."

"हो. आणि असे खूप पडले, की सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या हवेचा थर विजेने भारला जातो. तो थर लघुलहरी पिऊन टाकतो. रेडिओचा आवाज पलीकडे जातच नाही."

कोकिळाताईने मान हलवली. हे तिला ठाऊक होतं. भावाचा आवाज कुठे गेला, ते ज्योत्स्नाने तिला बारा वर्षांपूर्वीच समजावलं होतं.

"पण पट्टा रिकामा होण्याचा आणखी एक रस्ता आहे," नसीबा म्हणाली. "सूर्याकडचा वारा पृथ्वीचं चुंबकीय कवच आत दाबतो. पट्ट्याचा बाहेरचा काठ उघडा पडतो. त्या काठावरचे इलेक्ट्रॉन बाहेर अवकाशात निघून जातात. ते खाली पडत नाहीत, परतही येत नाहीत. आपल्याला एवढंच दिसायचं, की सकाळी पट्टा भरलेला होता आणि दुपारी रिकामा. खाली पडले की बाहेर गेले, ह्यावर कित्येक दशकं वाद."

"गाडी भरून निघाली आणि रिकामी पोहोचली," कोकिळाताई म्हणाली. "माणसं स्टॉपवर उतरली असतील तर स्टॉपवर गर्दी दिसेल. नसेल गर्दी, तर खिडकीतून गेली."

नसीबा तिच्याकडे बघतच राहिली. "काकू, माझ्या प्रबंधाचा हाच सारांश आहे. मला सहा वर्षं लागली."

"मले तिकीट फाडता फाडता कळलं."

हसणं ओसरल्यावर नसीबाने लॅपटॉप वळवला. छत्तीस सालच्या वादळाचा पट होता. दक्षिणेकडच्या तळाच्या डोक्यावर तीन दिवसांचा गडद तांबडा पट्टा, सतत पडणाऱ्या कणांचा. दुसऱ्या दिवशी मात्र त्यात एक बारीक पांढरी फट होती.

"इथे कवच एकदम दाबलं गेलं आणि त्या भागातले कण बाहेर गेले. पडायला काही उरलंच नाही. नवे कण येईपर्यंत अकरा मिनिटं आभाळ मोकळं होतं. पखरण असं म्हणते. पण मला पुरावा हवाय. त्या अकरा मिनिटांत दक्षिणेकडून निघालेला एखादा रेडिओ संदेश इकडे पोहोचला असेल, तर फट खरी. तुमच्या वेधशाळेत त्या वादळाची रेडिओ-गोंगाटाची नोंद आहे ना, काकू? सगळ्या लघुलहरी टिपलेली?"

"आहे," ज्योत्स्ना म्हणाली.

"जगात तेवढी स्वच्छ नोंद दुसरी नाही. बाकी सगळीकडे विजेची घरघर मिसळलीय."

"वेळ काय होती?"

"आपले चार वाजून दहा ते चार वाजून एकवीस."

ज्योत्स्ना चहाचे कप उचलायला उठली. कप अजून भरलेलेच होते.

*

वहीतली चौदावी ओळ तिला पाठ होती. दुसरा दिवस. भारतीय वेळ चार वाजून चौदा. उत्तर नाही.

तिची नोंद स्वच्छ का होती, हेही तिला पाठ होतं. वादळाची घंटा झाली, की आवारातल्या सगळ्या क्वार्टरचा मेन स्विच बंद करायचा, हा निमखेडीचा नियम. पंखा, फ्रिज, टीव्ही, दिवा, काही नाही. यंत्रं बॅटरीवर चालत. रेडिओचा सेट तर बॅटरीवरसुद्धा लावायचा नाही. त्याच्या पोटात स्वतःची बारीक कंपनं असतात आणि ती नोंदीत उतरतात. त्या वादळात बाकीचे लोक पहिल्याच रात्री नातेवाइकांकडे गेले. ज्योत्स्ना तीन दिवस उकाड्यात, हातपंख्याने वारा घेत वेध घेत राहिली. सेट टेबलावर होता. बॅटरी शेजारी होती. तिला विचारणारं आवारात कुणी नव्हतं.

आभाळ बहिरं असताना सेट लावून काय उपयोग, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आणि आता कळत होतं, की चार चौदाला आभाळ बहिरं नव्हतं. बहिरी ती होती.

पाच मिनिटं सेट लावला असता तर त्याला उत्तर मिळालं असतं. उत्तर मिळालं असतं तर अँटेनाचा संशय आला नसता. तो बाहेर पडला नसता. ती नियम मोडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, हे खरं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आशा वेगळी. निघताना भुसावळ स्टेशनवर तो म्हणाला होता, "तुझ्याकडे पृथ्वीला वेळ आहे, मला नाही." ती त्याला मुंबईपर्यंत सोडायला गेली नव्हती; त्या आठवड्यात यंत्रांची तपासणी होती. तो हसत म्हणाला होता. निदान अर्धं तरी हसत.

टेबलावर निर्लेखनाची यादी पडली होती. वापरात नसलेल्या वस्तू भंगारात काढायचा सरकारी कागद. अनुक्रमांक नऊ: 'जुन्या डिस्क, एक कपाट.' छत्तीस सालची नोंद त्यांतच होती. सही तिचीच हवी होती. नऊ नंबर तसाच ठेवून सही केली, की सोमवारी ट्रक येणार. नसीबाला सांगायचं, दमटपणाने गेल्या हो. फटीला पुरावा मिळाला नसता, एवढंच. आभाळ पुन्हा दोषी झालं असतं.

तिने सही केली. मग नऊ नंबरवर आडवी रेघ मारली, रेघेवर पुन्हा सही केली आणि कार्यालयाच्या शिस्तीप्रमाणे तारीखही घातली.

दुसऱ्या दिवशी ती चोपड्याला गेली. कोकिळाताई अंगणात मिरच्या निवडत होती. ज्योत्स्नाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

कोकिळाताईचे हात थांबले. "म्हणजे त्या दिवशी त्याचा आवाज इथवर आला असन?"

"आला असेल."

"आणि सेट बंद होता."

"हो."

"तू बंद केला होता."

"हो, ताई."

"आणि मी बारा वर्षं आभाळाले शिव्या देते." कोकिळाताईने मिरच्यांचं सूप बाजूला सारलं. "लोखंड चालत नाही म्हणता ना तुमच्यात? मग आत काय ठेवलं होतं व, त्या वेळेले? जाय. आता जाय तू घरी."

ज्योत्स्ना निघाली. फाटकाशी आल्यावर मागून आवाज आला, "उन्हाची चालत जाऊ नको. सव्वाची गाडी आहे." पण हे ती वर न बघताच म्हणाली.

*

डिस्क पुण्याला गेल्या. आठ दिवस कोकिळाताई आली नाही. तिच्या शिव्यांची ज्योत्स्नाला इतकी सवय झाली होती, की घर ऐकू येईनासं झालं. ती रोज वेध घेत होती, आकडे पाठवत होती. एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की आपण दहा मिनिटं त्या जुन्या सेटवरची धूळ पुसतोय.

नवव्या दिवशी नसीबाचा फोन आला.

"काकू, फट खरी आहे. चार चौदाला दक्षिणेकडून आलेला आवाज सापडलाय." ती थांबली. "मराठी आवाज. मी 'निमखेडी' एवढं ऐकलं आणि बंद केलं. पुढचं माझं नाही. मी घेऊन येते. तुम्हाला नकोच असेल तर तसं सांगा. फक्त वेळेची नोंद वापरेन, आवाज कुणी ऐकणार नाही."

नको म्हणता आलं असतं. त्याने काय म्हटलं असेल, ह्याच्या दोन-तीनशे आवृत्त्या ज्योत्स्नाने आठ दिवसांत तयार केल्या होत्या. 'ज्योती, एकदा तरी लाव ना.' 'ज्योती, माझ्यासाठी.' खरं तर ह्यांतली एखादी ऐकायला मिळाली तर ती मोडून पडेल, हे तिला कळत होतं. आणि नाही मिळाली तर कदाचित जास्तच मोडेल, हेही. त्याने तिला नियम मोडायला सांगावं, असं तिला आत कुठेतरी हवंच होतं.

"आण," ती म्हणाली.

मग तिने कोकिळाताईला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीने कोकिळाताई उतरली. खुंटीवर किल्ल्या अडकवल्या, कार्यालयात आली आणि ज्योत्स्नाकडे पाठ करून खुर्चीवर बसली.

"माझा भाऊ आहे, म्हणून आली," ती भिंतीला म्हणाली.

नसीबाने लॅपटॉपला स्पीकर जोडला. आधी नुसती खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मग ती एकाएकी विरली. आणि त्या स्वच्छ जागेत, पूर्वी कधी इतक्या जवळून ऐकला नव्हता असा, धनंजय.

"निमखेडी, निमखेडी. धनंजय बोलतोय. हाक चौदावी. इकडे सगळं ठीक. काळोख आहे, वारा आहे आणि जेवणात सलग तिसऱ्या दिवशी राजमा आहे. ताईला सांग, राखी बांधली. एका हाताने गाठ बसेना, म्हणून दातात धरून बांधली. फोटोत वाकडी दिसेल. तिने बोलू नये."

कोकिळाताईची पाठ हलली.

"अँटेनाचा खांब वाकलाय बर्फाने. वारा पडला की सरळ करणार. हवामानवाल्यांचे निरोप त्याच्यावरच आहेत, ते करावंच लागेल. बरं, आता तुझं. सेट बंद आहे तुझा, मला माहीत आहे. तरी बोलतोय. बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि तुला मध्येच तोडता येत नाही ही एक मोठी सोय. भुसावळला बोललो ते मूर्खासारखं बोललो. पुढल्या स्टेशनापर्यंत कळलं होतं, पण उतरून सांगायला गाडी थांबेना. ज्योती, असलं वादळ आपल्या दोघांच्या नोकरीत पुन्हा येणार नाही. नीट घे सगळं. माझ्या वाटचंही घे."

मग आवाज खाली आला. दार लोटून घेतल्यावर माणूस बोलतो तसा.

"पण समजा... समजा लावला असलास, तर बोल. रागावणार नाही. ओव्हर."

स्पीकरमधून काहीच येईना. तो थांबला होता. बारा वर्षांपूर्वी, दहा हजार किलोमीटरवर, मोकळ्या आभाळाखाली तो कान लावून बसला होता. नसीबाने पडद्यावरचे सेकंद पाहिले. सात. आठ. नऊ.

मग तो हसला. मनापासून, थोडंसं नाकातून, तसा.

"शाब्बास," धनंजय म्हणाला.

खरखर परत आली, वाढत गेली आणि त्याच्या पुढच्या वाक्यातलं 'उद्या' तेवढं बाहेर राहिलं. नवे कण पोहोचले होते. त्यांचा पाऊस परत सुरू झाला होता.

कोकिळाताईने पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची सरकवून ज्योत्स्नाकडे वळली.

"खांबासाठी गेला तो," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही गेला."

"नाही."

"वाईट वाटतं का तुले त्याचं?"

ज्योत्स्नाला हसू आलं आणि रडूही. ह्या बाईने तीस वर्षं माणसांचे चेहरे बघून तिकिटं फाडली होती. "थोडं वाटतं," ती म्हणाली.

"वाटनारच. मी बोलली ते..." कोकिळाताईला पुढचं जमेना. तिने ज्योत्स्नाचा हात धरला आणि जरा जास्तच जोरात दाबला.

नसीबा उठून खिडकीशी गेली होती. तिथूनच म्हणाली, "काकू, ही प्रत तुमची. मी जेवणानंतर येऊ का?"

"थांब," ज्योत्स्ना म्हणाली. "तेवढंच पुन्हा लाव. शेवटचं. 'पण समजा'पासून."

नसीबाने लावलं. आवाज पुन्हा खाली आला, पुन्हा लोटल्या दाराआडचा झाला. समजा लावला असलास, तर बोल. रागावणार नाही. ओव्हर.

ज्योत्स्ना पुढे वाकली. सेकंद सुरू झाले होते. एक. दोन. परवाना घेतलेल्या माणसाने आधी आपलं नाव सांगायचं असतं, मग निरोप. तिला त्यातलं काही सुचलं नाही. पाच. सहा.

"आहे मी," ती म्हणाली. "लावलाय. ऐकतेय तुला, धनू. ओव्हर."

आठ. नऊ.

तो हसला.

"शाब्बास."